मोहाखालचा केवलराम

केवलराम माणूस आहे की नाही, असा प्रश्न गावाला पडला त्याच्या आधी तो माणूस आहे याकडेही कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. हे उगाच टोचून बोलणं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या डाव्या हाताच्या पाहुण्याला वरण वाढायचा, मग उजव्या हाताच्याला, आणि मधल्या पत्रावळीवरून बादली सरळ पुढे निघून जायची. तिथं जणू मांडवाचा खांब बसला होता. केवलराम हाक मारायचा नाही. दुसऱ्या फेरीची वाट पाहायचा. दुसऱ्या फेरीत कधी वाढलं जायचं, कधी नाही.

त्याचं गाव गोंदियाकडच्या केशोरीहून आत, जिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात आणि जंगल लागतं तिथं. जन्मभर चिखलात रोवणी करून पाठ वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. अंगावर केस म्हणाल तर छातीवर, पाठीवर, कानांतसुद्धा. बोलणं मात्र नाहीच. ‘हूं’ हा त्याचा एकच शब्द. होकार, नकार, भूक, ताप, आभाळ भरून आलंय, सासरे वारले, सगळं त्याच एका हूंमध्ये. कुठला हूं कशाचा, हे फक्त त्याच्या बायकोला, शामकलाला कळायचं.

शामकला अगदी उलट. तोंडानं फटकळ, सरपंचालाही भर चौकात सुनावणारी. पण एक गोष्ट तिनं जन्मात केली नव्हती, ती म्हणजे नवऱ्याचं नाव घेणं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या गावच्या जुन्या बायका मानतात, आणि शामकला तर त्यांच्यातही कडक. रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं तर ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, मग शेजारीण सांगायची, “केवलराम लिवा जी.” नावात राम आहे म्हणून कुणी ‘राम राम’ घातला तरी ही बाई नुसती मान हलवायची. परगावच्या माणसांना ती शिष्ट वाटे.

आता मोहाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्याखाली घडलं. होळीच्या आसपास मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. जंगलातली झाडं कुणाच्या मालकीची नसतात, पण गावात कुणी कुठलं झाड वेचायचं हे आज्यापणज्यापासून ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. केवलरामचं झाड त्याच्या आईचं होतं. भाचीच्या लग्नात पंगतीतून उपाशी उठून तो त्याच झाडाखाली येऊन बसला होता आणि मूठभर फुलं खाऊन घरी गेला होता. त्या झाडाखाली त्याला कुणी वगळत नसे. झाड फुलं टाकायचं ती त्याच्यासमोरच टाकायचं.

गुडघे गेल्यापासून त्याला बसून वेचता येईना. तेव्हा तो हातापायांवर रांगत वेचायचा. पहाटे गारवा असतो म्हणून अंगावर काळं कांबळं. दोन फुलं टोपलीत, एक तोंडात. रांगता रांगता नाकातून सूंऽ सूंऽ आवाज. एवढं वाचून तुमच्या मनात जे आलं तेच पुढं झालं.

त्या वर्षी प्राणी मोजणाऱ्या कुठल्याशा संस्थेनं जंगलात झाडांना कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो, असे. त्यांची देखभाल करायला गावातलाच लोकेश ठेवला. संस्थेनं त्याला फक्त टोपी दिली होती. खाकी शर्ट आणि शिट्टी त्यानं स्वतःच्या हिमतीवर गोंदियाहून आणली, आणि त्या दिवसापासून तो चालतानाही जरा पुढं छाती काढून चालू लागला. एका सकाळी तो चुन्नीलालच्या पानठेल्यावर मोबाईल नाचवत आला.

“भालू! आपल्या जंगलात भालू आला. हे पाहा, केवढा मोठा आहे तो!”

सगळे मोबाईलवर तुटून पडले. अंधुक उजेडात मोहाचं झाड, आणि त्याखाली काहीतरी काळं, केसाळ, पाठमोरं, चार पायांवर. रिटायर झालेले यादोराव गुरुजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “पूर्ण वाढ झालेला नर आहे. ढुंगणावरून समजते.”

केवलराम तिथंच बाकड्याच्या टोकाला बसला होता. त्यानंही मान लांब करून पाहिलं. कांबळ्याला डाव्या बाजूला शामकलानं लावलेलं ठिगळ त्याला स्पष्ट दिसलं.

“हूं,” तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. मग त्यानं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं ते केलं, पूर्ण वाक्य बोलला. “हा मी आहो.”

ठेला असा हसला की चुन्नीलालच्या हातून कात सांडला. “तू काऊन होशील गा भालू?” चुन्नीलाल म्हणाला. “भालू पाह्य ना कसा रुबाबदार आहे!” केवलरामनं पुन्हा सांगितलं, ठिगळ दाखवलं. लोकेश म्हणाला, तो भालूच्या पाठीवरचा पांढरा चट्टा आहे, अशी भालूची जात दुर्मिळ असते. तेवढ्यात शामकला दळण घेऊन जाताना दिसली. लोकेशनं तिला अडवलं आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. “काकू, तुम्हीच सांगा. हे काय आहे?”

शामकलानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाकड्याच्या टोकाकडे पाहिलं, भोवतीच्या माणसांकडे पाहिलं आणि दळणाचा डबा काखेत नीट धरून म्हणाली, “भालूच आहे.” आणि चालती झाली.

केवलराम तिच्या पाठमोऱ्या पदराकडे पाहत राहिला. गावानं ओळखलं नाही त्याचं त्याला काही नव्हतं, गावानं कधी ओळखलं होतं? पण जिनं ते ठिगळ स्वतःच्या हातानं शिवलं, तिनं म्हणावं भालू? घरी तिनं भात वाढला, त्यानं खाल्ला. मग खिडकीतल्या फुटक्या आरशात त्यानं स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. नाक जरा पुढं आलेलं होतं खरं. कानातले केस ओढून पाहिले. इतकी माणसं एक गोष्ट म्हणत असतील आणि घरची बाईही तेच म्हणत असेल, तर एकट्यानं उलट म्हणायचं ते कशाच्या जोरावर, असा विचार त्याला पहिल्यांदाच शिवला. भालूला भात आवडत नसावा, एवढाच आधार त्याला त्या रात्री सापडला.

इकडे गाव भालूच्या मागं वेडं झालं. पुढच्या रविवारी जंगल बघायला आलेल्या पर्यटकांच्या जिप्सी गावात वळू लागल्या. चुन्नीलालनं चहाचा कप छोटा केला आणि पाटी लावली, ‘भालू स्पेशल’. रुक्माबाईनं झाडाखाली नारळ फोडला, कारण तिच्या सुनेला बरं वाटत नव्हतं आणि नारळ फोडल्यावर बरं वाटलं. बघता बघता भालूचा भालूजी झाला. “भालूजी आज दिसले का?” “भालूजीनं खाल्लं असन का काही?” केवलरामच्या नावापुढं या गावात कधी जी लागला नव्हता. त्याच्या पाठमोऱ्या फोटोला मात्र लोक चपला काढून हात जोडत.

आणि मग यादोराव गुरुजींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीनं झाडाभोवती दोर बांधला आणि फळी ठोकली, ‘भालूजींचे स्थान. माणसांना प्रवेश बंद.’

दोराच्या आत मोहाची फुलं पडत होती. दोराबाहेर केवलराम रिकामी टोपली घेऊन उभा होता. मोहाचे दिवस फार नसतात. आज पडलेलं फूल दुपारी सुकतं, उद्या मातीत जातं. फुलं गेली तर वर्षाचं तेलमीठ कुठून येणार, ही चिंता होतीच, पण त्याहून वाईट गोष्ट त्याला सांगता येत नव्हती. गावात त्याच्यासाठी एकच जागा होती, आणि तिथं त्यालाच बंदी झाली होती, तीही त्याच्याच फोटोपायी.

तो गुरुजींकडे गेला. “झाड माहं आहे. भालू मी आहो. दोर काढा.”

दुसरा कुणी असता तर त्यानं हाकलून दिलं असतं, पण गुरुजींचे डोळे चमकले. शाळा सुटल्यापासून त्यांना ‘मानव म्हणजे काय’ या विषयावर बोलायला कुणी मिळालं नव्हतं. त्यांनी समाजमंदिरात सभाच बोलावली. अख्खं गाव जमलं. केवलरामला मधोमध सतरंजीवर बसवलं.

“प्रश्न सोपा नाही,” गुरुजींनी घसा साफ केला. “केवलराम म्हणतो, फोटोतला प्राणी मी आहो. फोटोत तर भालू आहे, हे सर्वमान्य आहे. म्हणजे केवलराम भालू ठरतो. आता भालू नाही म्हणायचं असेल, तर तो माणूस आहे हे आधी सिद्ध झालं पाहिजे. माणसाचं पहिलं लक्षण, माणूस बोलतो. बोल गा केवलराम.”

इतक्या लोकांसमोर केवलरामच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. “हूं.”

“हे त भालूही म्हणते,” मागून कुणीतरी ओरडलं. चुन्नीलाल म्हणाला की त्याचा पोपट ‘चाय पिओ’ म्हणतो, मग पोपटाला मताचा हक्क द्यायचा का? बोलण्याचं लक्षण रद्द झालं.

“माणूस हसतो,” गुरुजी म्हणाले. चुन्नीलालनं एक विनोद सांगितला. केवलराम हसला नाही. पण दुसरंही कुणी हसलं नाही, आणि या लक्षणानं सगळं गावच बाद होईल अशी भीती निर्माण झाल्यामुळे तेही सोडून दिलं.

“माणसाला आपलं मरण ठाऊक असतं,” गुरुजी गंभीर झाले. “भालूला नसतं. केवलराम, तू एक दिवस मरशील, हे तुले ठाऊक आहे का?”

केवलरामनं विचार केला. “मोहा सरल्यावर,” तो म्हणाला.

सभा जरा चपापली. हे ज्ञान आहे की हट्ट, यावर अर्धा तास गेला. शेवटी गुरुजींनी ठेवणीतलं लक्षण काढलं. “सृष्टीत खोटं बोलणारा प्राणी एकच, माणूस. केवलराम, खोटं बोल. तेवढ्यावर निकाल देऊन टाकतो.”

जन्मभर जेमतेम खरं बोललेल्या माणसाला अचानक खोटं कुठून सुचणार? तो घामाघूम झाला. छताकडे पाहिलं, पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाला, “मी भालू आहो.”

“खोटं बोलला! माणूस आहे!” अर्धी सभा उठली. “खोटं कसं? पहिल्यापासून तेच त सांगून रायला तो!” उरलेली अर्धी उठली. दोन भावांची तिथंच जुंपली, कारण त्यांचं आधीपासूनच बिनसलेलं होतं. गुरुजींनी सभा पुढच्या मंगळवारी ढकलली आणि तोवर दोर आहे तिथंच राहील असं जाहीर केलं.

शामकला बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. ती काहीही बोलली नाही. तिनं चार शब्द बोलायचे होते, फार तर पाच. केवलराम सारखा तिकडंच पाहत होता.

बाहेर पडताना लोकेशनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “काका, मनावर नका घेऊ. नियम साधा आहे. माणसाले बंदी आहे. भालूले थोडीच बंदी आहे?”

ते बोलणं केवलरामच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या पहाटे त्यानं कांबळं पांघरलं, टोपली दातात धरली आणि दोराखालून हातापायांवर आत गेला.

पलीकडच्या वाटेवर जिप्सी उभी होती. नागपूरकडची माणसं, पोराबाळांसकट. लोकेश त्यांना कुजबुजत सांगत होता, “आवाज मत करना. भालूजी नाश्ता कर रहे हैं.” केवलरामनं ऐकलं. लाज वाटायला हवी होती, पण फुलं समोर पांढरी पसरलेली होती आणि हात आपोआप चालू झाले. दोन टोपलीत, एक तोंडात.

“अंकल, भालू टोकरी में भर रहा है,” जिप्सीतली एक मुलगी म्हणाली.

“बहुत होशियार जात है,” लोकेश म्हणाला. “दुर्मिळ.”

टोपली भरली. जिप्सी गेली. केवलराम झाडाला पाठ टेकून बसला आणि त्याला रडू आलं. एकदम, मोठ्यानं, लहान पोरासारखं. सगळ्या जगानं समोर उभं राहून पाहिलं होतं आणि कुणालाही तो दिसला नव्हता.

“भालू रडत नाही,” मागून आवाज आला.

शामकला दोर उचलून आत येत होती. हातात भाकरीचं फडकं आणि अंगावर तिचंही जुनं कांबळं. ती शेजारी बसली. त्यानं तोंड फिरवलं.

“रागावले का जी?”

“हूं.”

हा हूं कशाचा ते तिला कळलं. “म्या त पहिल्याच दिवशी ओळखलं होतं,” ती म्हणाली. “ठिगळ माहंच आहे ना.”

“मंग काऊन नाही सांगतलं?”

शामकलानं एक फूल उचललं आणि बोटांत फिरवत बसली. “काय सांगू? इतक्या माणसांत तुमचं नाव घेऊ? घरवाला आहे म्हणलं असतं त सर्वे हासले असते. भालू म्हणलं त हात जोडून रायले होते. तुमाले कोणी हात जोडले का जी कधी? मी पाहून रायली होती. मले बरं वाटलं.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमाले दोर बांधतीन हे मले कुठं ठाऊक होतं.”

तिनं भाकर मोडून त्याच्या हातात दिली. खाऊन झाल्यावर ती बसून वेचू लागली खरी, पण तिचेही गुडघे आता तिचे राहिले नव्हते. तिनं कांबळं डोक्यावर घेतलं, हात जमिनीवर टेकले आणि नवऱ्याच्या शेजारी रांगत फुलं वेचू लागली. समोरच्या झाडावरच्या कॅमेऱ्यानं त्याचं काम केलं.

दोन दिवसांनी पानठेल्यावर दिवाळी होती. “जोडीदारीण मिळाली! भालूजीले जोडीदारीण मिळाली!” लोकेश शिट्टी फुंकत होता. फोटोत दोन काळ्या पाठी, शेजारी शेजारी. गुरुजींनी पेढे मागवले. रुक्माबाई म्हणाली, आता पिल्लं होतील. केवलराम बाकड्याच्या टोकाला होता आणि आज शामकला त्याच्या शेजारी उभी होती.

“काकू, पाहा!” लोकेशनं मोबाईल पुढं केला. “काय म्हणता? एक नर, एक मादी. बरोबर ना?”

शामकलानं फोटो पाहिला. पदर डोक्यावर ओढून घेतला. तिचे ओठ हलले आणि थांबले. मग ती चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ही मी आहो. आन हा केवलराम आहे.”

रुक्माबाईनं तोंडावर हात ठेवला. चुन्नीलालच्या हातातलं पान तसंच राहिलं. खरं बोलणारे लोक त्या गावात होते, खोटं बोलणारेही पुष्कळ होते, पण नवऱ्याचं नाव खोट्यासाठी घेईल अशी बाई त्या गावात जन्मली नव्हती. त्यातही शामकला! गुरुजींनी हळूच फोटो पुन्हा पाहिला. “ठिगळ आहे खरं,” ते म्हणाले. मग बाकड्याकडे वळले आणि उगाचच चष्मा पुसत म्हणाले, “बसा ना नीट, केवलरामजी. असे टोकावर काऊन बसले?”

दोर त्याच दिवशी निघाला. फळी तेवढी चुन्नीलालनं चुलीसाठी नेली. गाव जरा उदास झालं, हे कबूल केलं पाहिजे, कारण भालू गेला आणि बदल्यात मिळाला तो फक्त केवलराम. लोकेश तर काकुळतीला आला. “काका, रविवारी गाडी बुक आहे. एवढ्या बार या ना कांबळं घेऊन. कोणाले सांगू नका.”

“नाही जी,” केवलराम म्हणाला. “रविवारी मी माणूस आहो.”

घरी जाताना शामकला पुढं आणि केवलराम मागं, असे दोघं बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद मातीच्या बांधावरून चालले होते. मध्येच त्यानं हाक दिली. “ऐक ना वो.”

“काय जी?”

“आणखी एक डाव घे ना.”

“काय घेऊ?”

“नाव.”

ती थांबली. वळून त्याच्याकडे पाहिलं. कान केसाळ, पाठ वाकलेली, मान वर करून नाव ऐकायला आसुसलेला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं घाईनं पुसले.

“एकदा घेतलं तेवढ्यानंच माहा जीव धाकधूक करून रायला,” ती म्हणाली. “आता मले तुमाले लय वर्षं जगवाचं आहे. चाला चुपचाप, भालूजी.”

केवलराम हसला. तो कसा हसतो हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि धुऱ्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.